सरकीची पाइपलाइन सारखी चोक होते? मोठा ब्लोअर घेण्याआधी हवा कुठे जाते ते बघा

जिनिंगमध्ये रुई काढल्यावर उरलेली सरकी, म्हणजे कापसाचं बी, ब्लोअरच्या हवेने पाइपातून गोडाऊनला नेतात. त्या पाइपाची तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच असते. सकाळी सरकी मस्त उडत असते. दुपारनंतर प्रेशर गेजचा काटा थरथरायला लागतो. संध्याकाळच्या पाळीत कधीतरी ब्लोअरचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो आणि पाइप भरल्याचं कळतं. मग जिन थांबवायचे, उभ्या पाइपाच्या बुडाचा बेंड खोलायचा, घमेल्यांनी सरकी उपसायची, पुन्हा चालू करायचं. आठवडाभराने तेच.

हिंगणघाट, वणी, राळेगाव, पांढरकवडा या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये यावर दोन उपाय ठरलेले आहेत. मिस्त्री म्हणतो, "हवा कमी पडून राह्यली भाऊ, पुली बदलून टाकू." आणि तेवढ्याने भागलं नाही की शेठजी मोठ्या ब्लोअरचं कोटेशन मागवतात. माझं मत वेगळं आहे. यातल्या बऱ्याच ठिकाणी ब्लोअर पुरेशी हवा देत असतो. ती हवा पाइपात पोचत नाही, किंवा पाइपाला सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्या क्षणी कमी होते. हे दुसरं कारण जास्त घातक आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही.

पुढचं सगळं मुख्यतः रूट्स ब्लोअर (आतल्या दोन फिरत्या लोबने हवा ढकलणारा), त्यापुढे एअरलॉक (फिरत्या पात्यांच्या कप्प्यांतून सरकी पाइपात सोडणारं यंत्र) आणि चार ते सहा इंची पाइप अशा मांडणीबद्दल आहे. पंख्यावर चालणाऱ्या जुन्या लाइनींचं थोडं शेवटाकडे.

आधी हिशेब

उदाहरणासाठी २४ डबल रोलर जिनचा कारखाना घेऊ. एक जिन तासाला ६० किलो रुई काढतो असं धरलं तर तासाला १४४० किलो रुई झाली. कापसात रुई साधारण ३५ टक्के आणि सरकी ६३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरकी झाली तासाला सुमारे २६०० किलो. ही सरकी पाच इंची पाइपातून शंभरेक मीटरवरच्या गोडाऊनला न्यायची आहे.

सरकी आडव्या पाइपात तरंगत राहायला हवेचा वेग सेकंदाला २० ते २५ मीटर लागतो. त्याच्या बराच खाली गेला की आधी काही दाणे तळाला बसतात, मग त्यांचे ढिगुळे होतात. ढिगुळं पाइपाचा मार्ग अरुंद करतं, त्याच्यावरून हवा जोरात जाते, काही दाणे पुढे ढकलले जातात आणि पुढच्या बेंडला सगळे एकदम पोचतात. गेजचा काटा थरथरतो तो याचमुळे. सरकीवर तूस, म्हणजे बारीक तंतू, चिकटलेले असतात, त्यामुळे एकदा बसलेले दाणे एकमेकांना धरून ठेवतात. गहू-हरभऱ्यापेक्षा सरकीची लाइन हट्टी असते ती त्यासाठी.

आपण २२ मीटर धरू. १२५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपाचं क्षेत्रफळ ०.०१२३ चौरस मीटर. गुणाकार केला की सेकंदाला ०.२७ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे ९७० घनमीटर हवा. पण ही एअरलॉकच्या खाली, दाबलेल्या अवस्थेतली हवा आहे. तिथे गेजवर ०.३ बार असेल तर ब्लोअरने बाहेरच्या मोकळ्या हवेतून १.३ पट, म्हणजे तासाला १२६० घनमीटर ओढायला हवी. कोटेशनमधला आकडा मोकळ्या हवेचा असतो आणि पाइपातला वेग दाबलेल्या हवेचा असतो. हा फरक सोडून दिला की हिशेब कागदावर जमतो, पाइपात जमत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की पाइपात पुढे जाता जाता दाब उतरतो, हवा फुगते आणि वेग वाढत जातो. एअरलॉकपाशी २२ मीटर असलेला वेग टोकाच्या सायक्लोनपाशी, म्हणजे हवेतून सरकी वेगळी करणाऱ्या भांड्यापाशी, २८ च्या पुढे जातो. म्हणून टोकाला हात धरून "हवा तर जबरदस्त आहे" म्हणण्याला अर्थ नाही. टोकाला ती नेहमीच जबरदस्त असते. पाइप चोक होतो तो सुरुवातीच्या काही मीटरांत किंवा पहिल्या उभ्या चढाच्या बुडाशी, जिथे हवा सगळ्यात मंद असते आणि सरकीने अजून वेग पकडलेला नसतो.

मोजायचं कुठे

ब्लोअरच्या सक्शनला. पात्याचा साधा, हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर पुरतो. फिल्टरच्या तोंडाशी हवा चहूबाजूंनी शिरते, तिथे वाचन भरकटतं. म्हणून फिल्टरच्या आधी हातभर सरळ पाइपाचा तुकडा लावा आणि त्याच्या तोंडात पाच-सहा जागी वाचन घेऊन सरासरी काढा. आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटरच्या तोंडात सरासरी ११ मीटर आली तर तासाला १२४० घनमीटर झाली. आपल्या उदाहरणात तेवढी जवळजवळ पुरते.

मोजणी कमी भरली तर आधी बेल्ट बघा. कापसाच्या धुळीत बेल्ट गुळगुळीत होतो, भार आला की घसरतो आणि रिकाम्यात मात्र बरोबर फिरतो. म्हणून आरपीएम मोजायचे ते सरकी चालू असताना. त्यानंतर सक्शन फिल्टर. जिनच्या आवारात ब्लोअर उघड्या शेडमध्ये ठेवला असेल तर उडत्या तंतूंचा थर फिल्टरवर एका पाळीत जमतो. सकाळी बरी आणि संध्याकाळी चोक या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. फिल्टर झटकला की सुटतं, म्हणून कोणी नोंद ठेवत नाही आणि तीच तक्रार पुढच्या आठवड्यात नवी म्हणून येते. सक्शनचा पाइप भिंतीबाहेर, जिनच्या उलट बाजूला नेला की ही कटकट जवळपास संपते.

बेल्ट आणि फिल्टर ठीक असूनही हवा कमी असेल तर ब्लोअरच्या आतल्या लोबची फट वाढली असेल. ते काम कारखान्यात करायचं नाही, ब्लोअरवाल्याकडे पाठवा.

गेज काय सांगतो

ब्लोअरच्या अंगावर रंगाने दोन आकडे लिहून ठेवायचे: रिकाम्या पाइपाचं प्रेशर आणि पूर्ण सरकी चालू असतानाचं प्रेशर. लाइन नवी किंवा नुकती साफ केलेली असताना ते घ्यायचे. गेज ० ते १ बारचा लावा. ० ते ७ बारच्या गेजवर ०.२ आणि ०.३ मधला फरक दिसत नाही, तरी दहापैकी सहा-सात ठिकाणी तोच लावलेला दिसतो कारण कॉम्प्रेसरचा एक शिल्लक पडलेला असतो.

रिकाम्या पाइपाचं प्रेशर हळूहळू वाढत गेलं असेल तर पाइपात काहीतरी बसून आहे. जोडाला आत आलेला गॅस्केट, वेल्डिंगचा खरखरीत कड आणि त्याला धरलेलं तंतूंचं घरटं. किंवा सायक्लोनच्या वरची कापडी पिशवी धुळीने बुजली आहे. किंवा, हसू नका, गोडाऊनमधला ढीग सायक्लोनच्या तोंडाला टेकला आहे.

रिकाम्याचं ठीक, पण सरकी चालू असताना प्रेशर चढत-उतरत राहतं, आणि प्रत्येक उतारानंतर आधीपेक्षा थोडं वर थांबतं. याचा अर्थ हवेच्या मानाने सरकी जास्त पडते आहे. याकडे नंतर येऊ.

तिसरी अवस्था सगळ्यांना कोड्यात टाकते. सरकी चालू असताना प्रेशर नेहमीपेक्षा कमी, आणि तरी पाइप चोक. लोक म्हणतात प्रेशर कमी म्हणजे पाइप मोकळा. तसं नाही. हवा पाइपात जातच नाहीये, दुसरीकडून पळते आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह नीट बसला नसेल तर तिथून. नाहीतर एअरलॉकमधून.

एअरलॉक: इथे थांबा

एअरलॉकचं काम दोन्ही बाजूंचं असतं. वरून सरकी खाली सोडायची आणि खालची दाबाची हवा वर येऊ द्यायची नाही. थोडी हवा वर येणारच, कारण रिकामे होऊन परतणारे कप्पे दाबाची हवा सोबत घेऊन येतात. तेवढी नगण्य असते. वीस लिटरचा रोटर मिनिटाला २५ फेऱ्यांनी फिरला तर ती तासाला ३० घनमीटर होते. खरा चोर म्हणजे पात्यांची टोकं आणि बॉडी यांच्यातली फट.

नव्या मशीनवर ही फट ०.१ ते ०.१५ मिलिमीटर असते. सरकीबरोबर येणारी माती, खडे, कधी एखादा नट, यांनी ती वाढत जाते. ०.३ बारच्या दाबाने फटीतून निसटणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या घरात असतो, त्यामुळे फट डोळ्यांना किरकोळ वाटली तरी नुकसान मोठं होतं. ३०० मिलिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच लांबीच्या रोटरला फट ०.६ पर्यंत गेली की ब्लोअरने दिलेल्या हवेचा पाव हिस्सा वर निघून जाऊ शकतो. पाइपातला २२ मीटरचा वेग मग साडेसोळावर येतो. रबरी पट्ट्यांचा एअरलॉक असेल तर रबर ब्लोअरच्या गरम हवेने कडक होतं, कडा तुटतात आणि परिणाम तोच. ०.३ बारवर चालणाऱ्या ब्लोअरमधली हवा आत गेली त्यापेक्षा साधारण ३५ अंशांनी गरम होऊन बाहेर पडते. एप्रिलमध्ये शेडमध्ये ४० अंश असताना ती ७५ च्या आसपास असते. रबर निवडताना हा आकडा विक्रेत्याला सांगा.

आता मूळ मुद्दा. गळती नेहमी सारखी नसते, ती दाबाबरोबर वाढते. पाइपात सरकी थोडी जास्त झाली की दाब चढतो. दाब चढला की एअरलॉकमधून गळती वाढते. गळती वाढली की पाइपातली हवा घटते. हवा घटली की सरकी आणखी बसते आणि दाब आणखी चढतो. चोक व्हायला लागलेल्या पाइपाला जास्त हवा हवी असते, आणि गळक्या सिस्टिममध्ये नेमकी तेव्हा तिला कमी मिळते. रूट्स ब्लोअरचा मोठा गुण हा की दाब वाढला तरी तो जवळपास तितकीच हवा ढकलत राहतो, म्हणून तो या कामाला घेतात. गळका एअरलॉक हा गुणच काढून घेतो. पुली बदलून हवा वाढवली तर ही साखळी तुटत नाही, थोडी उशिरा सुरू होते एवढंच. म्हणून पुली बदलल्यावर पंधरा दिवस बरे जातात.

गळतीचा दुसरा त्रास वरच्या बाजूला होतो. वर येणारी हवा हॉपरमधल्या सरकीला उचलून धरते. सरकी नाचते, कप्पे अर्धवट भरतात, हॉपर वर भरत जातो आणि मग ढीग एकदम खाली कोसळतो. पाइपाला आधी उपास आणि मग मोठा घास. याला उपाय स्वस्त आहे: एअरलॉकच्या वर, हॉपरच्या खालच्या भागाला दोन-तीन इंची व्हेंट पाइप काढून तो छोट्या पिशवीच्या फिल्टरला किंवा धुळीच्या सक्शनला जोडायचा. निसटलेली हवा तिथून जाते आणि सरकी सरळ पडते.

गळती तपासायची कशी? रिकाम्या पाइपावर तपासून फसाल, कारण रिकाम्यात दाब कमी असतो आणि गळतीही कमी दिसते. त्यासाठी गोडाऊनच्या टोकाला, सायक्लोनच्या आधीच्या फ्लँजवर, मधोमध भोक पाडलेली जाड प्लेट बोल्टने आवळा. आपल्या उदाहरणातल्या ब्लोअरसाठी ५५ मिलिमीटरचं भोक घेतलं तर सरकीशिवायच दाब ०.२५ ते ०.३ बारच्या दरम्यान येतो. एअरलॉक चांगला असताना हा आकडा एकदा घेऊन ठेवा. नंतर कधी तीच प्लेट, तेच आरपीएम, आणि काटा ०.२८ ऐवजी ०.१६-०.१७ वर थांबला, तर पाव हिस्सा हवा दुसरीकडून निघते आहे हे समजायला आणखी काही लागत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी हात नेऊन ती तिथून येत नाही एवढी खात्री करा. प्लेटच्या समोर कोणी उभं राहू नये, भोकातून येणारी हवा डोळे फोडेल.

फट मोजायची तर फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या. पण त्याआधी ब्लोअर आणि एअरलॉक दोन्हींचा स्विच बंद करून मेन फ्यूज काढून खिशात ठेवायचा. एअरलॉकमध्ये बोटं गेलेली माणसं या भागात आहेत.

सरकी जास्त पडते तेव्हा

२४ जिन सारखेच चालतात असं कागदावर असतं. प्रत्यक्षात चार जिन पट्ट्या घासायला थांबलेले असतात, मग एकदम सुरू होतात. जिनखालच्या स्क्रू कन्व्हेयरमध्ये साठलेली सरकी एका मिनिटात पुढे येते. सरासरी तासाला २६०० किलो असली तरी त्या मिनिटाचा दर दीडपट असू शकतो, आणि पाइप चोक व्हायला तेवढं एक मिनिट पुरतं. एअरलॉकचा वेग वाढवून "जास्त सरकी ओढू" हा विचार उलटा आहे. एअरलॉक हा दर ठरवणारा असावा, जरा सावकाश फिरणारा, आणि त्याच्या वर अर्ध्या-पाऊण तासाची नाही तरी पाच-दहा मिनिटांची सरकी मावेल असा हॉपर असावा. घास हॉपरने गिळायचा, पाइपाने नाही.

खेड्यातल्या फीडरवर वीज न सांगता जाते, हे दुसरं कारण. ब्लोअर थांबतो तेव्हा पाइपात असलेली सगळी सरकी जिथल्या तिथे बसते आणि उभ्या पाइपातली खाली घसरून बुडाच्या बेंडमध्ये गच्च होते. वीज आली की ऑपरेटर सगळे स्टार्टर सटासट दाबतो. चोक तिथेच ठरतो. चालू करण्याचा क्रम असा हवा: आधी एकटा ब्लोअर, गेज रिकाम्या पाइपाच्या आकड्यावर येईपर्यंत वाट बघायची, मग एअरलॉक, मग स्क्रू. बंद करताना उलटा, आणि स्क्रू-एअरलॉक थांबल्यावर ब्लोअर आणखी दोन मिनिटं चालू. हे पाटीवर लिहून भागत नाही. रात्री पाळी बदलते, पाटी कोणी वाचत नाही. दोन टायमर आणि तीन कॉन्टॅक्टरचं इंटरलॉक गावातला इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करून देतो. ब्लोअरचा कॉन्टॅक्टर लागल्याशिवाय एअरलॉक सुरूच होता कामा नये.

वीज अचानक गेल्यावर बुडाला साठणाऱ्या सरकीसाठी उभ्या पाइपाच्या खालच्या बेंडला आवळता येणारं झाकण ठेवा. ठेवलेलं असेल तर पाना जागेवर बांधून ठेवा. झाकण उघडण्यापूर्वी गेज शून्यावर आहे हे बघायचं.

हे करू नका

पाइप मोठा करणं. "पाच इंची चोक होते, सहा इंची टाकू" ही सूचना ऐकायला इतकी बरोबर वाटते की शेठजी लगेच होकार देतात. ब्लोअर तोच ठेवून पाच इंचीची सहा इंची केली तर वेग ७० टक्क्यांवर येतो, २२ चा १५ होतो. पहिल्याच दिवशी चोक. पाइप मोठा करायचाच असेल तर तो टोकाकडच्या भागात, जिथे हवा आधीच फुगून वेगवान झालेली असते. सुरुवातीला कधीच नाही.

ब्लोअरच्या पुढे व्हॉल्व्ह लावून हवा "कंट्रोल" करणं. रूट्स ब्लोअर दाबून गप्प बसत नाही, तो दाब वाढवतो, मोटर जास्त अ‍ॅम्पिअर खाते आणि डोकं तापतं. हवा खरोखर जास्त असेल, म्हणजे टोकाला सरकी फुटत असेल, तर आरपीएम कमी करा. पुलीने किंवा व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण). व्हीएफडी लावला तरी कंपनीने दिलेल्या किमान आरपीएमच्या खाली जाऊ नका. वेग कमी झाला की आतली गळती तेवढीच राहते, तीच हवा पुन्हा पुन्हा आत घोटली जाते आणि ब्लोअर तापतो. फुटलेल्या सरकीचं तेल लवकर खराब होतं, त्यामुळे तेलमिलवाला भाव पाडतो. म्हणजे जास्त हवेचाही खर्च आहे, फक्त तो विजेच्या बिलात आणि सरकीच्या भावात लपतो.

ब्लोअरच्या पुढे टी काढून जास्तीची हवा बाहेर सोडणं. बरेच जण हे करतात आणि सपाट चालणाऱ्या लाइनीवर ते खपतंही. पण वर गळतीचं जे सांगितलं तेच इथे लागू आहे: दाब वाढला की टीमधून जास्त हवा बाहेर पडते आणि पाइपाला कमी राहते. तुम्ही स्वतःच्या हाताने गळका एअरलॉक तयार करता.

एका ब्लोअरवर दोन लाइनी. एक गोडाऊनला, एक तेलमिलला, मध्ये वाय जोड. दोन्ही एकाच वेळी चालवल्या तर जी लाइन जड होईल तिचा रोध वाढतो आणि हवा हलक्या लाइनीकडे वळते. जड आणखी जड होते. एकावेळी एकच चालवा, किंवा दोन ब्लोअर. औष्णिक वीज केंद्रांत राखेच्या लाइनींना दाबलेली हवा वाटून देताना यावर एक सुंदर युक्ती वापरतात: प्रत्येक फाट्याला खास आकाराचा नोझल. नोझलच्या मागचा निरपेक्ष दाब पुढच्याच्या जवळपास दुप्पट असला की गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि पुढे दाब वर-खाली झाला तरी जाणारी हवा बदलत नाही. नोझलचं पुढचं तोंड हळूहळू फाकत नेलं तर दुपटीपेक्षा कमी दाबफरकातही ते साधतं. आपल्या रूट्स ब्लोअरकडे एवढा दाब नसतो, त्यामुळे जिनिंगमध्ये हे परवडत नाही. कुठे कॉम्प्रेसरची हवा वापरून काही उडवत असाल तर मात्र सुईच्या व्हॉल्व्हऐवजी याचा विचार करा.

पाइपाची मांडणी

एअरलॉकनंतर निदान तीन-चार मीटर सरळ आडवा पाइप हवा. सरकीला वेग पकडायला तेवढी जागा लागते. जागा वाचवायला एअरलॉकच्या पायाशीच बेंड दिलेला दिसला तर बाकी काही तपासण्याआधी तो हलवा.

तिरपे पाइप टाळा. शेडच्या छपराबरोबर ४५ अंशांत चढवलेला पाइप दिसायला छान आणि लांबीला कमी, पण त्यात सरकी तळाशी बसून मागे घसरत राहते. आडवा आणि उभा एवढेच दोन प्रकार ठेवा. बेंड मोठ्या गोलाईचे, आणि दोन बेंड एकमेकांना चिकटून नकोत.

फ्लँजच्या जोडांना तांब्याची पट्टी मारून अर्थिंग सलग ठेवा. कोरड्या फेब्रुवारीत तंतू आणि स्थिर वीज यांची भेट जिनमध्ये नको.

ओली सरकी, गरम हवा

ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्या वेचणीचा कापूस आणि डिसेंबर-जानेवारीतलं दवाचं धुकं, या दोन वेळी सरकी जड आणि चिकट येते. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) १२ टक्क्यांवरचा ओलावा घेत नाही, पण खाजगीत सगळंच येतं. अशा दिवसांत हवा वाढवण्यापेक्षा सरकीचा दर कमी करणं बरं. एअरलॉकला छोटा व्हीएफडी असेल तर हे एका बटणाचं काम आहे, आणि ब्लोअरला व्हीएफडी लावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

उन्हाळ्याचा परिणाम पंख्यावर जास्त दिसतो. डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटेपेक्षा एप्रिल-मेच्या ४५ अंशांत हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते आणि पंख्याचा दाब तेवढ्याच प्रमाणात पडतो. पंख्याच्या लाइनीबाबत आणखी एक गोष्ट, कारण इथे समज उलटा असतो. पंख्याचा डॅम्पर (हवा अडवणारी झडप) बंद करत आणला की मोटरचे अ‍ॅम्पिअर कमी होतात, वाढत नाहीत. म्हणून कमी अ‍ॅम्पिअर दिसले की "मोटर निवांत आहे" असं समजू नका, पाइप भरत चालला असेल. पंखा दाब वाढला की हवा देणं सोडून देतो, त्यामुळे पंख्याच्या लाइनीत सरकीचा दर सांभाळणं रूट्सपेक्षाही महत्त्वाचं. डॅम्पर लावायचा तर पंख्याच्या सक्शनला लावा.

प्रेशर स्विच

एवढं सगळं करूनही एखादा खडा, एखादा ओला गाडा लाइन अडवणारच. त्यासाठी ब्लोअरच्या डिलिव्हरीला एक प्रेशर स्विच बसवा आणि त्याने स्क्रू आणि एअरलॉकचा कॉन्टॅक्टर तोडा. ब्लोअरचा नाही. भरल्या लाइनीचं नेहमीचं प्रेशर ०.३ असेल तर स्विच ०.३८ च्या आसपास तुटेल असा आणि ०.२५ वर पुन्हा जोडेल असा ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या वर, ब्लोअर कंपनीने दिलेल्या मर्यादेत. सरकी थांबली आणि हवा चालू राहिली की पाइप बहुतेक वेळा स्वतःच मोकळा होतो, कोणाला काही कळण्याआधी. स्विचला जाणारी नळी पाइपाच्या वरच्या अंगाने काढा, खालून काढली तर तंतू भरून ती बुजते आणि स्विच आंधळा होतो. स्विच तुटला की पेटणारा एक लाल दिवा आणि तुटण्याची मोजणी करणारा एक साधा काउंटर लावला तर आणखी चांगलं. पाळीत एक-दोनदा तुटणं ठीक. तो आकडा आठवड्यागणिक वाढत चालला असेल तर प्लेट काढा, टोकाला आवळा आणि एअरलॉक तपासायला घ्या. आणि सक्शनची मोजणी हिशेबापेक्षा कमी, बेल्ट-फिल्टर ठीक, एअरलॉक नवा, तरी काउंटर पळतो आहे, अशी वेळ आली तर मग खुशाल मोठ्या ब्लोअरचं कोटेशन मागवा. मागवताना पाइपाचा आतला व्यास, लांबी, बेंडची संख्या, उभ्या चढाची उंची आणि सरकीचा तासाचा सर्वाधिक दर लिहून द्या, सरासरी नव्हे.